कच्चा, पक्का, वाडी

“चूक झाली त्याचं काही नाही, सर. चूक कोणाकडूनही होते. पण उद्या मी चुकली, तं ते मले सांगन का? हे पाहा तुमी.”

मी मागच्या गॅलरीत उभी राहून पाइपने कुलरमध्ये पाणी भरत होते. पाणी भरताना कुलर बंद ठेवायचा, असा आमच्या ऑफिसचा नियम होता. कुलर बंद असला की त्याच्या पंख्यातून आतलं बोलणं स्पष्ट बाहेर येतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदाच कळलं. बोलत होत्या त्या ताई. ऑफिसच्या सर्व्हरची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. समोर सर, म्हणजे मालक. आणि ‘ते’ म्हणजे मी.

“हात तं मस्त चालते ना तिचा,” सर म्हणाले. “तुमीच म्हणत होते.”

“हात चालते. तोंड नाही चालत. हात कायले पाहिजे, सर? दोन आहेत माह्याजवळ.”

सर हसले. “मंग काय करू? तीन महिने होऊन राहिले तिचे. स्कॅनिंगवरच ठेवू का?”

“महिना संपू द्या. मंग सांगते.”

टाकी भरून पाणी माझ्या चपलांवर आलं, तेव्हा मी नळ बंद केला. आत जाताना चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ओढणीने घाम पुसल्यासारखं केलं. एप्रिलच्या दुपारी नागपुरात त्याचं कोणालाच नवल वाटत नाही.

आमचं ऑफिस वाडीला होतं, अमरावती रोडच्या आत एका गोदामाच्या वर. खाली दिवसभर ट्रक लागायचे, वर आम्ही कागद स्कॅन करायचो. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालासोबत ट्रकमधून जाणारे आणि पोचल्यावर सहीशिक्का होऊन परत येणारे कागद. ते गठ्ठ्यांनी येत, दोघी जणी ते यंत्रात घालत, आणि त्यांची चित्रं सर्व्हरवर जमा होत. संध्याकाळी टेम्पो येऊन गठ्ठे परत नेत असे.

सर्व्हरवर ‘डेटा’मध्ये दोन मोठे फोल्डर होते, ताईंनीच नाव दिलेले. एक कच्चा, एक पक्का. स्कॅन केलेलं आधी कच्च्यात पडायचं. तपासलं, सरळ केलं, नाव दिलं की ते पक्क्यात जायचं. दोन्हींच्या पोटात तेच गावांचे फोल्डर होते: वाडी, कन्हान, कामठी, उमरेड. कच्च्यातही वाडी, पक्क्यातही वाडी. आठवड्यातून एकदा कच्चा पुसून रिकामा करायचा. माझं काम स्कॅनिंगवाल्या दोघींपासून सुरू झालं आणि ताईंच्या बाजूच्या खुर्चीपर्यंत पोचलं. त्या खुर्चीवरच कायम राहायची माझी इच्छा होती. इतकी, की मी ती घरीही बोलून दाखवली नव्हती.

मी कॉम्प्युटरची डिग्री घेऊन तिथे गेले होते. पण कॉलेजात आम्ही सगळं परीक्षेपुरतं केलेलं. त्या खुर्चीवरच्या पहिल्या दिवशी ताईंनी सांगितलं की पक्क्यातून उमरेडच्या मार्चच्या फाइली दाखव. मी माउसने एक फोल्डर उघडलं, त्यात दुसरं, त्यात तिसरं, चुकून भलतंच उघडलं, बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून. ताई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

“काय वं, दरेक घराची कडी वाजवून राहिली तू. सरळ जा ना.”

मग त्यांनी माउसशिवाय, नुसतं टाइप करून मशीनला हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली. सीडी, म्हणजे ‘या फोल्डरमध्ये जा’, असं लिहिलं, दोन अक्षरं आणि टॅब की उरलेलं नाव मशीनच भरते, पुन्हा दोन अक्षरं आणि टॅब, आणि त्या उमरेडच्या मार्चमध्ये होत्या. माझी पापणी लवली असेल नसेल.

ताई तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतील. कन्हानहून दोन बस बदलून यायच्या. इंग्रजी आणि मराठी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. आधी कामठीला टायपिंगचं काम करत, तिथे एक जुना सर्व्हर होता, तो सांभाळणारा माणूस सोडून गेला आणि तो यांच्या गळ्यात पडला. तेव्हापासून त्या हे काम करत होत्या. डिग्री नव्हती. इंग्रजी बोलायच्या नाहीत, पण त्या खिडकीत मशीनने दिलेली प्रत्येक तक्रार त्या पूर्ण वाचत. मी उलट करायची. इंग्रजी मला इतकं ओळखीचं होतं की ते वाचायची मला गरजच वाटायची नाही. नुसती नजर फिरवायची आणि पुढे जायचं.

त्यांनी मला एकेक गोष्ट दिली. रोज एक, जास्त नाही. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. नागमोडी रेघ म्हणजे आपलं घर, कुठूनही थेट. टॅब दोनदा दाबलं की पुढे कोणकोणते रस्ते आहेत ते दिसतं. वरचा बाण म्हणजे आधी लिहिलेलं परत. लांबच्या फोल्डरमध्ये जाऊन यायचं असेल तर आधी पुशडीने जागा धरून ठेवायची आणि पॉपडीने तिथेच उतरायचं. आणि माझी सगळ्यात लाडकी: सीडी आणि एक आडवी रेघ. जिथून आलो तिथे एका उडीत परत. पुन्हा तेच केलं की पुन्हा इकडे. कच्चा, पक्का, कच्चा, पक्का. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. ताईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांचा हा गुण मला फार उपयोगी पडला.

पण त्यांचा एक नियम होता, आणि तो मला जमत नव्हता. काहीही पुसायच्या आधी, एंटर दाबायच्या आधी, आपण कुठे आहोत ते मोठ्याने म्हणायचं. आधी पीडब्ल्यूडी लिहायचं, म्हणजे मशीन पूर्ण पत्ता दाखवते. (“रस्ता विचारायचा तं पीडब्ल्यूडीलेच,” हा त्यांचा रोजचा विनोद, आणि त्यावर रोज त्याच हसत.) मग तो पत्ता वाचायचा: “डेटा, कच्चा, वाडी. सगळं पुसून राहिली.” बाजूला जो बसला असेल त्याने पडद्याकडे पाहून “हो” म्हणायचं. मग एंटर.

हे सांगताना आज काहीच वाटत नाही. तेव्हा मात्र ते तोंडातून बाहेर पडायचं नाही. शाळेत माझं सगळं इंग्रजीत झालं होतं, आणि तिथेही मी उत्तर येत असून हात वर न करणारी होते. घरी मराठी, पण मी हो-नाहीपुरतंच बोलायची. ऑफिसात सगळे नागपुरी बोलत, भराभर, हिंदी मिसळून. माझी मराठी पुस्तकातली वाटायची आणि इंग्रजी शब्द आला की स्कॅनिंगवाल्या दोघी एकमेकींकडे बघायच्या. “मॅडम इंग्लिशमध्ये लाजून राहिली,” एक म्हणायची. “मराठीत तं लाजतही नाही, चूपच बसते,” दुसरी. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आता कळतं. त्या मला त्यांच्यात ओढत होत्या. मी मात्र आणखी आत जात होते.

शिवाय कुलरचा आवाज. त्या खोलीत बोलायचं तर जवळजवळ ओरडावंच लागे. ताई “डेटा, कच्चा, वाडी” म्हणायच्या तेव्हा मी मान हलवायची. त्यांची नजर कीबोर्डकडे. सुरुवातीला त्या थांबायच्या, “हो म्हण ना वं,” म्हणायच्या. पुढे पुढे थांबेनाशा झाल्या. आणि मी स्वतः पुसायची तेव्हा मनात म्हणायची. मनात म्हटलं काय आणि तोंडाने काय, पत्ता तर तोच, असं माझं गणित.

एका सकाळी त्या मनातल्या म्हणण्याचं काय होतं ते कळलं.

कच्च्यातल्या वाडीतून पक्क्यातल्या वाडीत मी सात-आठ वेळा गेले-आले असेन. आडवी रेघ, आडवी रेघ. आमच्या त्या खिडकीत ओळीच्या सुरुवातीला फोल्डरचं फक्त शेवटचं नाव दिसायचं. दोन्हीकडे तेच: वाडी. उडी मारल्यावर मशीन पूर्ण पत्ता एकदा छापते, पण तो वाचेल ती मी कसली. वरचा बाण दाबून आधीचा पुसायचा हुकूम आणला आणि एंटर दाबलं. मनात “कच्चा, वाडी” म्हटलंही होतं.

मग पत्ता वाचला. पक्का.

आदल्या दिवसापर्यंतचं सगळं दुसऱ्या डिस्कवर होतं, ताई रोज संध्याकाळी प्रत घेत. गेलं ते त्या सकाळचं. दोघींनी आठ वाजल्यापासून केलेलं, मी तपासून पक्क्यात टाकलेलं. कच्च्यातही ते उरलं नव्हतं, तपासलेलं मी तिथून हलवूनच पक्क्यात टाकलं होतं. आणि त्या दिवशी टेम्पो लवकर आला होता, गठ्ठे बांधून खाली गेले होते. खिडकीतून टेम्पो दिसत होता. मागची फळी लावणं चाललं होतं.

एवढंच करायचं होतं: ओरडायचं. “थांबवा.” मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. ताई पाणी पिऊन येत होत्या, त्यांनी माझे हात पाहिले. हात कीबोर्डवर नाहीत, एवढंच त्यांना पुरलं. त्यांनी वाकून पडदा वाचला, सगळा, शेवटपर्यंत. मग खिडकीशी गेल्या आणि असा आवाज काढला की समोरच्या गोदामातलेही वर बघायला लागले.

“ए भाऊ! थांब गा! गठ्ठे उतरव!”

गठ्ठे परत वर आले. दोघींनी सकाळचं काम पुन्हा केलं, आणि मी त्यांच्या मधे बसून कागद सरळ करून दिले. कोणी मला काही बोललं नाही. एकीने फक्त पिना काढलेले कागद माझ्याकडे सरकवत म्हटलं, “आज तं मॅडमनं आमाले डबल ड्युटी देल्ली.” सरांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “सर्व्हरवर गडबड झाली आमच्याकडून.” आमच्याकडून. मी तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ताईंनी त्यांच्या डब्यातली मुंगवड्याची भाजी माझ्या झाकणात वाढली. मला न विचारता.

“माहे बाबा खदानीत होते,” त्या म्हणाल्या. “कन्हानकडं. कोळशाच्या. सुरुंग लावायच्या टोळीत. सुरुंग लावला का जो लावन त्यानं ओरडून सांगायचं, कुठं लावला, कोणत्या बाजूले. आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. ओ आल्याशिवाय पेटवायचा नाही.”

मी जेवत राहिले.

“बाबा म्हणत, ओरडणाऱ्याले तं माहीतच असते आपण कुठं आहो. म्हणजे त्याले वाटते का माहीत आहे. ओरडायचं ते दुसऱ्यासाठी. त्यानं ऐकून म्हणावं का नाही गा, तिकडं माणूस आहे आपला.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. “घे ना भाजी. तिखट आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. भाजी चांगलीच तिखट होती.

त्यानंतर चार दिवसांनी मी गॅलरीत पाणी भरत होते आणि कुलरमधून त्यांचं ते वाक्य ऐकलं. उद्या मी चुकली, तं ते मले सांगन का.

घरी जाताना बसमध्ये मी त्याच वाक्याशी भांडत होते. आधी राग आला. मग खूप लाज. आणि नंतर, सीताबर्डीच्या आसपास, एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आजवर माझ्याबद्दल शाळेतले रिपोर्ट, पाहुणे, मैत्रिणींच्या आया, सगळ्यांनी हेच म्हटलं होतं की मुलगी बोलत नाही. सगळ्यांना त्यात माझं नुकसान दिसायचं. माझ्या न बोलण्याने दुसऱ्या कोणाचं काही अडेल, कोणाला माझ्या आवाजाची गरज असेल, असं पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं. त्या मला नाकारत होत्या असं मला वाटलं होतं. खरं तर त्या माझ्याकडे काहीतरी मागत होत्या.

रोज सकाळी आंघोळ करताना मी म्हणून पाहायला लागले. “डेटा, कच्चा, वाडी.” बादलीच्या आवाजावर मात करून. आईने एकदा दारावर थाप मारून विचारलं, कोणाशी बोलतेयस? ऑफिसात मात्र पुन्हा मानच हलायची.

आज ताईंनी दिलेल्या सगळ्या वस्तू माझ्या हातात आहेत. टॅब, दोन टिंबं, आडवी रेघ. मी त्यात आणखी भर घातली, वारंवार लागणाऱ्या वाटांना छोटी नावं दिली, ओळीच्या सुरुवातीला पूर्ण पत्ता दिसेल अशी सोय केली. कोणी विचारलं की इतकं भराभर कुठे शिकलीस, तर मी म्हणते वाडीला. लोक हसतात. पण भराभर जायला मी कुठेही शिकले असते. ते सगळं पुस्तकात असतं. ज्या गोष्टीसाठी मी त्यांची ऋणी आहे ती पुस्तकात नव्हती, आणि ती मला महिनाअखेरच्या दिवशी मिळाली.

त्या दिवशी नवी डिस्क बसवायची होती. जुनी, रोजच्या प्रतीची डिस्क सकाळीच काढून सरांच्या कपाटात गेली होती, तिच्यातला अर्धा भाग वाचेनासा झाला होता म्हणून. नवी अजून खोक्यात. म्हणजे काही तासांपुरतं पक्क्यात जे होतं तेवढंच जगात होतं, कागद केव्हाच परत गेले होते. कच्चा पुसून जागा करायची आणि मग नवी डिस्क जोडायची, असा बेत. ताई उशिरा आल्या. कामठीजवळ बस बंद पडली होती, त्या उन्हात बऱ्याच चालल्या होत्या. डोक्याला बांधलेला दुपट्टा न सोडताच खुर्चीवर बसल्या, चेहरा लालबुंद.

“बस वं बाजूले,” त्या म्हणाल्या. “आटपून टाकू.”

मी म्हणणार होते, आधी पाणी प्या. म्हटलं नाही.

त्यांनी पक्क्यातल्या वाडीत जाऊन फाइली मोजल्या. आडवी रेघ, कच्च्यात आल्या. काहीतरी आठवलं, पुन्हा पक्क्यात. पुन्हा मोजल्या. मग कुठे होतो विसरल्यासारखं कपाळ चोळलं. पीडब्ल्यूडी लिहिलं. मशीनने पत्ता दिला. नियम त्यांनी मोडला नाही, पडद्याकडे पाहतच म्हणाल्या, पण रोजच्या चालीवर, दोन वर्षं म्हणत आल्या होत्या तसं: “डेटा, कच्चा, वाडी. सगळं पुसून राहिली.”

पडद्यावर लिहिलं होतं: डेटा, पक्का, वाडी.

मी मान हलवली नाही, हे मला आठवतं. आणि हेही आठवतं की त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, कारण माझ्याकडून आवाज येत नाही याची मीच त्यांना सवय लावली होती. कुलर जोरात चालू होता. पुसायचा हुकूम लिहून झाला होता. त्यांचं बोट एंटरवर गेलं, अजून दाबलं नव्हतं. पलीकडे त्या दोघी कशावरून तरी हसत होत्या, खाली कोणी ट्रक मागे घेत होता. मला माझाच आवाज ऐकू आला, मोठा, बादलीवरचा, आणि त्या दोघींचं हसणं थांबलं:

“ताई, थांबा! तुमी पक्क्यात आहा.”